काळा, बिनचमकीचा

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हं, बघू" म्हणतोस आणि मग बघतच बसतोस. पत्र आलं की मात्र उत्तर लिहिल्याशिवाय तुला चैन पडत नाही. लहानपणापासून तुझा हा एकमेव चांगला गुण.

बातमी अशी की गाडी झाली. काल तिने कुणी न ढकलता अंगणाला फेरी मारली. भंगारातून सांगाडा आणला तेव्हा तूच म्हणाला होतास, "ताई, यात कोंबड्यासुद्धा राहायच्या नाहीत." आता येऊन बघ. टप चार बोटं खाली उतरवलाय. चारी मडगार्ड काढून टाकलीत. इंजिन एका मोडक्या ट्रकचं आहे आणि ते झाकायला मी काहीही ठेवलेलं नाही, ज्याला बघायचं त्याने बघावं. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात हे तुला सांगायला नको. सूनबाईंना सांगितलं तर त्यांना वाटलं, आंघोळीचं पाणी तापवायचं काहीतरी असेल.

राहिला रंग. मला काळा हवाय. मॅट काळा, नावालासुद्धा चमक नसलेला. घरात यावरून रणकंदन चाललंय. ह्यांचं म्हणणं, चकचकीत हवा. तुझ्या भावोजींचा उभा जन्म हॉटेलात वेटरकी करण्यात गेला. चमच्यात स्वतःचं तोंड दिसल्याशिवाय त्यांनी कधी टेबल लावलं नाही. निवृत्त झाल्यापासून कड्या, नळ, दाराच्या मुठी, माझा चष्मा, हाताला लागेल ते पुसत बसतात. आमचे चिरंजीव म्हणतात, रंगाच्या भानगडीत पडूच नकोस, विकून टाक. त्यांनी एक गृहस्थ गाठलेत, जुन्या गाड्या जमवणारे. येऊन बघूनही गेले. पांढरे हातमोजे चढवून त्यांनी माझ्या गाडीला हात लावला, म्हणून मी त्यांचं नाव हातमोजेवाले ठेवलंय. मी गाडी विकायला काढलेलीच नाही, हे कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

तू जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्यास. आता बहिणीची एक रंगव. कधी येतोस?

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

टप उतरवलास हे वाचून आधी हसलो आणि मग घाबरलो. तुझं डोकं त्यात मावतं ना, एवढं बघून घे.

काळा घेतेस ते उत्तम. पण मॅट घेऊ नकोस, सॅटिन घे. मॅट म्हणजे काय, तर रंगात चमक दाबणारी भुकटी घातलेली असते. त्यामुळे वरचा थर खडबडीत राहतो, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. मग तळहाताचा घाम म्हण, तेलाचा थेंब म्हण, चिमणीची शीट म्हण, जे पडेल ते त्यात मुरतं. काढायला घासलंस की तेवढी जागा चमकायला लागते आणि ती चमक काही केल्या जात नाही. ओरखडा गेला तर तेवढाच बुजवता येत नाही, सबंध पत्रा परत मारावा लागतो. उन्हात राहिली की काळ्याचा राखाडी व्हायला वेळ लागत नाही. सॅटिन हा त्याचाच समजूतदार भाऊ. किंचित तुकतुकीत, रेशमी अस्तरासारखा. फडक्याने पुसला की पुसला.

आणखी एक सांगतो, चिडू नकोस. पत्रा तू स्वतः ठोकलायस, म्हणजे त्यावर लाटा असणारच. मॅटवर त्या दिसत नाहीत, सॅटिनवर थोड्या दिसतील. त्यासाठी मॅट घेत असशील तर तसं सांग, पुट्टी कशी भरायची ते लिहून पाठवतो.

माझ्या येण्याचं काही खरं नाही. वर्कशॉपात कामं तुंबलीत. सॅटिन तुमच्याकडचा कुठलाही पेंटर मारून देईल, लोखंडी फाटकं आणि खिडक्या रंगवणारेसुद्धा रोज मारतात. माझं पटत नसेल तर गाडीची दोन्ही दारं उतरव. एकाला मॅट मार, एकाला सॅटिन, आणि अंगणात उन्हात टांगून ठेव. महिन्याभराने दारंच काय ते सांगतील.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

लाटा लपवायला मॅट? जिभेला काही हाड? मला काही लपवायचं असतं तर आधी इंजिन झाकलं असतं.

तुला वाटतं मी हट्टाला पेटलेय. हो, पेटलेय. बस डेपोत मी बत्तीस वर्षं काढली. भरती झाले फिटर म्हणून, पण बाई आहे म्हणून बसवलं सीट विभागात, कव्हरं शिवायला. इंजिन शिकले ती जेवणाच्या सुट्टीत, गाडीखाली शिरलेल्यांचे पाय ओलांडून आत डोकावून. बसचा रंग वरून ठरून यायचा. कव्हरांचा रंग वरून, दोऱ्याचासुद्धा वरून. घरी यावं तर भिंतींचा रंग सासूबाईंनी ठरवलेला, त्यांच्यामागे चिरंजीवांनी. आजवर मी एका वस्तूचा रंग ठरवलेला नाही रे. हा मी ठरवणार. कुणाला आवडो न आवडो.

आणि मॅटच का, तेही ऐक. चकचकीत गाडीसमोर माणूस उभा राहतो आणि भांग नीट करतो. त्याला गाडी दिसतच नाही. माझ्या गाडीत कुणाला स्वतःचं तोंड दिसायला नको, गाडी दिसायला हवी. सॅटिन म्हणजे याचंही ऐकल्यासारखं आणि त्याचंही ऐकल्यासारखं. तसं वागण्यात माझी हयात गेली, आता रंगात तरी नको.

दारं टांगलीत, डावं मॅट, उजवं सॅटिन. शेजारच्या गॅरेजवाल्याची रंग फवारायची गन आणि कॉम्प्रेसर मागून आणून मीच मारली. हातमोजेवाले परत येऊन गेले. दोन्ही दारांपुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, मॅट काळी गाडी म्हणजे कुणीतरी काम अर्धवट टाकून पळाल्यासारखी वाटते, सॅटिन असेल तर घेतो. आणि तुझ्या पत्रातही सॅटिन! चिरंजीवांनी तुला फोन केला होता का? खरं काय ते लिही.

ताई


१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

हो, केला होता फोन तुझ्या चिरंजीवाने. म्हणाला, "मामा, आई तुमचं ऐकते, तुम्ही तिला समजवा." मी म्हटलं, "ती माझं ऐकते ही बातमी तुला कुठून लागली?" नंतर बराच वेळ बोलत होता. त्याला तुझी भीती वाटते. म्हणजे तुझ्यासाठी भीती वाटते. ब्रेक तू बसवलेले, स्टीअरिंग तू जोडलेलं, आणि तू ती घेऊन मोठ्या रस्त्याला लागलीस तर काय, हे त्याच्या डोक्यात घोळतंय. पोरगा वाईट नाही. बोलायची पद्धत वाईट आहे, ती आपल्या घराण्यातच आहे.

पण सॅटिन मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिला नाही, माझ्या अकलेने लिहिला. याहून जास्त खोदून विचारू नकोस.

यायचं जमेलसं दिसत नाही. पाठ धरलीय. दारांचं काय झालं ते कळव.

धाकटा


१४ मार्च

प्रिय धाकट्या,

हरलास! पत्र वाचायच्या आधी आपली हार कबूल कर आणि मग पुढे वाच.

तुझ्या त्या समजूतदार सॅटिनवर धूळ बसून तो पिठाच्या डब्याच्या झाकणासारखा दिसतोय. आणि माझा मॅट? दिवसेंदिवस खुलतोय. दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर अशी काही खोल, मऊ झळाळी आलीय की दुपारी ऊन कललं की मी काम टाकून बघत उभी राहते. तू लिहिलं होतंस, उन्हाने राखाडी पडेल. इथे तर ऊन त्याला चांगलंच मानवलंय. एवढ्या गाड्या रंगवल्यास, पण मॅट मुरला की असा दिसतो हे तुला कुणी शिकवलं नाही वाटतं.

ह्यांनाही आता आवडायला लागलाय. परवा दारापुढे उभे राहून म्हणाले, "आता कसं बरं दिसतंय." ज्या माणसाला आरशासारखा रंग हवा होता तो असं म्हणतो, यातच सगळं आलं. आता निमूटपणे बॅग भर आणि ये. पाठीला शेक दे आणि ये.

तुझी विजयी ताई


१९ मार्च

ताई,

मॅट मुरत नसतो. आपणहून खुलतही नसतो. ऊन लागून काळ्याला झळाळी आलेली मी बघितलेली नाही, कुणीच बघितलेली नाही.

खालच्या अर्ध्या भागावर, असं लिहिलंयस. म्हणजे स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवर. भावोजी दुपारी कुठे बसतात?

धाकटा


२७ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. दुपारी बाजारात जाते म्हणून पिशवी घेऊन निघाले आणि मागच्या बाजूने परत आले. हे दारासमोर स्टूल टाकून बसलेले. बोटाला मऊ फडकं गुंडाळलेलं. दारावर तोंडाने वाफ सोडायची आणि छोट्या छोट्या गोलांत घासायचं, चांदीचा काटा पुसावा तसं. इतके रंगून गेले होते की मी मागे येऊन उभी राहिले तरी पत्ता नाही.

"काय चाललंय हे?" मी ओरडले.

दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "एवढा कोपरा राहिलाय."

मी जे काय तोंड सोडलं ते इथे लिहीत नाही, कागद जळेल. सगळं ऐकून घेतलं. मग फडक्याची घडी करत म्हणाले, "त्या दिवशी ते हातमोजेवाले फाटकाशी म्हणाले, याच्यापेक्षा जळक्या पातेल्याचं बूड बरं. आणि आपला मुलगा हसला. तू आत होतीस, तुला ऐकू गेलं नाही. मला नाही सहन झालं. म्हटलं, दार असं करून ठेवू की पुन्हा तुला कुणी हसणार नाही."

मला तिथेच पायरीवर बसून रडू आलं. राग होताच, पण राग बिचारा आत कुठेतरी अडकून बसला. मला कुणी हसू नये म्हणून हा माणूस रोज दुपारी, माझी पाठ वळली की, माझंच काम बिघडवत बसला होता. मी म्हटलं, "हसू दे त्यांना. हसण्याने पत्र्याला भोक पडत नाही." त्यांनी कबूल केलंय, यापुढे गाडीजवळ येताना दोन्ही हात खिशात.

आता पुढचं ऐक. इथला पेंटर मॅट मारायला तयार नाही. म्हणतो, "बाई, लोक विचारतील हे अर्धवट काम कुणाचं, आणि नाव माझं येईल. सॅटिन असेल तर उद्याच सुरू करतो." आणि चिरंजीवांनी मला न विचारता हातमोजेवाल्यांना शब्द दिलाय, की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गाडी सॅटिन काळी करून तयार मिळेल. मी सहा वर्षं जिच्याखाली आडवी होऊन ग्रीस खाल्लं ती गाडी, आणि तिचा रंग ठरवतंय कोण, घेतंय कोण, देतंय कोण!

त्या रविवारच्या आत ती मला माझ्या रंगात उभी करायची आहे. त्याला तू हवास. फेब्रुवारीत तुझी कामं तुंबली होती, मार्चमध्ये पाठ धरली, आता एप्रिलमध्ये काय, दाढ दुखणार? खरं कारण लिही. ते लिहिणार नसशील तर पत्रच लिहू नकोस.

ताई


३ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

हात थरथरतो. उजवा.

मागच्या वर्षी सुरू झालं. आधी चहाचा कप, मग सही, मग गन. एका गिऱ्हाइकाच्या बॉनेटवर पट्टेच पट्टे उठले. मी कॉम्प्रेसरवर ढकललं. सगळ्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी रंग मिसळायच्या टेबलापाशी माझ्यासाठी गादीची खुर्ची आली. आता तिथे बसून मी डबे ढवळतो आणि कुणाचा रंग किती पातळ करायचा ते सांगतो. ज्यांना मी गन धरायला शिकवली ते मला साहेब म्हणतात. ऐकलं की डबा फेकून मारावासा वाटतो.

सॅटिन का लिहिला, तर सॅटिन कुणीही मारून देतं, म्हणजे तू माझ्याकडे मागणार नाहीस. बाकी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरं कारण हे होतं. तू मॅट म्हणालीस तेव्हाच मी पळवाट शोधायला लागलो. मॅटचा शेवटचा हात सबंध गाडीला एका दमात मारावा लागतो. पत्र्यापासून गन वीतभर लांब, ना जवळ ना दूर. आधीचा पट्टा अर्धा झाकत पुढचा. कुठे थांबलं की डाग, कुठे अडखळलं की डाग, आणि तो नंतर घासून काढता येत नाही. चकचकीत रंगात चूक झाली तर पॉलिश करून मिटवता येते. मॅट काही मिटवू देत नाही.

तुझी गाडी बिघडवायची माझी हिंमत नव्हती आणि हे तुला सांगायची तर त्याहून नव्हती. आता सांगितलं. कीव केलीस तर या जन्मात तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही.

धाकटा


७ एप्रिल

प्रिय धाकट्या,

कीव, आणि तुझी? वर्षभर बहिणीपासून गोष्ट चोरून ठेवणाऱ्याची? तुझा कान पिरगाळायला हवा, दोन्ही हातांनी.

येत्या गुरुवारी निघ. रंग तू निवडून, तुझ्या हिशोबाने पातळ करून घेऊन ये, एकाच खेपेचे डबे आण. गन मी धरते. नको म्हणू नकोस, आधी ऐक. बसच्या मागच्या लांब सीटला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शिवण असते. मशीनवर ती घालताना मध्ये थांबलं की टाके दाटतात आणि ओळ चुणते, आणि ते आयुष्यभर प्रवाशांच्या पाठीखाली दिसत राहतं. पायाला गोळा येवो, वरिष्ठ येऊन उभे राहोत, टोक आल्याशिवाय पाय काढायचा नाही. अशा शिवणी मी किती घातल्या असतील त्याची गणती नाही. तुझा मॅट याहून वेगळं काय मागतो? तू फक्त बाजूला उभा राहा आणि तोंड चालव. ते तर थरथरत नाही ना?

हाताचं ह्यांना मी सांगितलंय, तेव्हा इथे लपवाछपवी नको. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला चहा अर्धा कप दोनदा देऊ का?" असल्या प्रश्नांची तयारी ठेव.

ताई


२१ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

सुखरूप पोचलो. भावोजींनी बरोबर दिलेला डबा वाटेत संपवला.

ताई, तू काय मारलास रंग! शेडला प्लास्टिक लावून, जमिनीवर पाणी शिंपडून तू तोंडाला मास्क बांधलास तेव्हासुद्धा माझा विश्वास नव्हता. पहिल्या दाराला मी "पुढे चल, पुढे चल, थांबू नकोस" म्हणून घसा फोडत होतो. टपापर्यंत आलीस आणि माझ्या लक्षात आलं की मी उगाच ओरडतोय. मग नुसता बघत राहिलो. तुझे पाय एका लयीत सरकत होते, मनगट पत्र्याला धरून चाललं होतं, आणि मागे तो काळा थर बसत जात होता. ओला असताना जरा चमकायचा आणि मग बघता बघता विझून जायचा. डोळे भरून आले माझे, तुझी पाठ होती म्हणून तुला दिसलं नसेल. इतक्या वर्षांत एवढा सुरेख हात मी दुसऱ्याच्या हातून बघितला नाही.

आणि मग ते मागचं, डिकीचं झाकण. तू एकदम वळलीस आणि गन माझ्या हातात कोंबलीस. "हे तुझं," म्हणालीस. का केलंस असं? बाजूचा रंग ओला होता, वाद घालायला वेळ नव्हता, आणि हे तुला चांगलं माहीत होतं. मी मारलं. वाळल्यावर मी बघितलं गं. तिरप्या उन्हात बघितलं की तीन पट्टे वेडेवाकडे गेलेत. सगळी गाडी निर्मळ आणि पाठीवर ही घाण.

शेडमधल्या फळीवर त्याच खेपेचा एक डबा मुद्दाम ठेवून आलोय. ते झाकण चार बोल्टवर आहे. काढ, वरचा थर घासून घे आणि पुन्हा मार. तुला आता माझी गरज नाही. रविवारी ते हातमोजेवाले येतील, तुझा मुलगा येईल. त्यांनी वाकून माझा थरथरता हात बघावा हे मला नकोय. एवढी विनंती ऐक. आजवर तुझ्याकडे फारसं काही मागितलं नाही.

तुझा धाकटा


२ मे

प्रिय धाकट्या,

रविवार पार पडला. क्रमाने सांगते.

सकाळी मी गाडी शेडबाहेर काढून अंगणाच्या मधोमध उभी केली. ऊन चढलेलं, आणि ती अशी काळी की आजूबाजूचं सगळं फिकं वाटावं. हातमोजेवाले आले, चिरंजीव त्यांच्या मागे. मॅट बघून चिरंजीवांचा चेहरा पडला. हातमोजेवाल्यांनी सावकाश एक फेरी मारली, हातमोजे चढवले, मागे गेले आणि झाकणासमोर उकिडवे बसले.

"इथे काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"ते दुरुस्त करून देऊ," चिरंजीव घाईघाईने म्हणाले. "सगळी सॅटिनच करून देऊ, आठवडाभर द्या."

"कोण करून देणार?" मी विचारलं.

"आई, मी शब्द दिलाय त्यांना. चारचौघांत मी तोंड कसं दाखवू?"

"शब्द तुझा आहे, तो तू परत घे. माझी गाडी त्यात घालू नकोस."

हातमोजेवाले उठले, गुडघे झाडले. तसे माणूस सभ्य आहेत. म्हणाले, "बाई, निदान पूर्ण तरी करा हो. अशी ही कुणी विकत घेणार नाही."

"म्हणजे जमलं म्हणायचं," मी म्हटलं.

ते गेले. चिरंजीव तिथेच उभे. मला वाटलं आता तोफ सुटणार. सुटलीही. म्हातारपणी डोकं फिरलंय, लोक हसतात, उद्या कुठे पडलीस तर धावायचं आम्हीच. मी ऐकून घेतलं. त्याची भीती तू लिहिली होतीस, म्हणून ऐकून घेतलं. मग तुझे भावोजी पुढे झाले. जन्मात मुलापुढे आवाज न चढवलेला माणूस, दोन्ही हात खिशात तसेच ठेवून म्हणाला, "गाडी तुझ्या आईची आहे. आणि मला ती अशीच आवडते." साफ खोटं बोलले. त्यांना अजूनही चकचकीतच आवडते. पण बोलले.

चिरंजीव न जेवता गेले. वाढलेलं ताट मी उचलून ठेवलं. ते मला लागलं, लागलं नाही असं म्हणणार नाही, रात्री नीट झोपही आली नाही. पण त्याची समजूत काढायला त्याच्यामागे गेले नाही. येईल तो. आला की त्याला शेजारी बसवून ब्रेक दाबून दाखवेन.

आता तुझी विनंती. ती मी ऐकणार नाही. झाकण जसं आहे तसंच राहील. गन तुझ्या हातात दिली ती कीव म्हणून नाही, आणि घाईत तर नाहीच नाही. कोपरा येईपर्यंत मी मनाशी ठरवत आले होते. बाकीची सगळी गाडी मी रंगवली आणि ती छान झालीय, पण नुसती छान आहे. मागे आलं की कळतं, इथे कुणीतरी उभा होता, त्याला भीती वाटत होती आणि तरी त्याने टोकापर्यंत हात नेला. तू मध्ये थांबला नाहीस धाकट्या. पट्टे वाकडे गेलेत, पण एकही तुटलेला नाही. ते मी घासून काढू? गाडीचा रंग मी ठरवणार होते ना? मग हाच ठरवलाय, तुझ्या पट्ट्यांसकट.

तू ठेवलेला डबा मी अंगणाच्या फाटकाला मारून संपवला, तळ खरवडून. आता माझं मन बदललं तरी रंग नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघतोय, गाडी घेऊन, तुझ्याकडे. मोठ्या रस्त्यानेच येणार. तुझ्या वर्कशॉपच्या दारात ती लावीन तर मागची बाजू रस्त्याकडे करून लावीन. तुला साहेब म्हणणारे सगळे बाहेर येतील, वाकून बघतील आणि विचारतील, मागचं हे कुणी मारलं. तेव्हा त्या खुर्चीतून उठायचं, बाहेर यायचं आणि सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझा आवाज किती मोठा आहे ते तुला माहीत आहे.

तुझी ताई